यंत्राच्या पोटांत यंत्र : उत्तर दिलें कोणीं?

मोठ्या माणसाच्या भेटीस गेलेल्या गृहस्थाची गांठ बहुधा त्या मोठ्या माणसाशीं पडत नाहीं. ती पडते त्याच्या कारभाऱ्याशीं. कारभारी आंत जातो, बाहेर येतो, साहेबांनीं असें असें सांगितलें आहे म्हणून उत्तर देतो, आणि गृहस्थ समाधानानें घरीं परततो. तें उत्तर खरोखर साहेबांनीं दिलें कीं कारभाऱ्यानें आंत न जातांच आपल्या मनानें दिलें, हें कळण्यास त्याला मार्ग नसतो. आणि उत्तर बरोबर असेल तोंवर कळण्याची गरजहि नसते. गरज पडते ती उत्तर चुकलें म्हणजे. त्यांतून तो कारभारी ज्याला इतके दिवस साहेब समजत होता, तोहि साहेब नसून दुसरा एक थोरला कारभारीच निघाला, तर चुकीचा माग काढणें किती अवघड होईल याची कल्पना करावी. आजच्या संगणकांत नेमकी हीच स्थिति आहे. यंत्राच्या पोटांत यंत्र आणि त्याच्याहि पोटांत आणखी एक यंत्र, अशी ही रचना असते. आणि सर्वांत आंतलें यंत्र अडलें म्हणजे शोधणाऱ्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, त्याला उत्तर दिलें कोणीं?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा नाहीं. पुष्कळ पेढ्यांचे, दुकानांचे, कचेऱ्यांचे हिशेब आतां त्यांच्या स्वतःच्या इमारतींतील संगणकांवर नसून भाड्यानें घेतलेल्या, दूर कोठें तरी असलेल्या संगणकांवर असतात. एका खऱ्या यंत्रावर अनेक भाडेकरूंचीं आभासी यंत्रें शेजारीं शेजारीं चालतात, आणि एकाच्या कपाटाला दुसऱ्याचा हात लागूं नये हें पाहणें कारभाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून असतें. इतकेंच कशाला, विंडोज ११ ही घरगुती कार्यप्रणालीसुद्धां स्वतःच्या संरक्षणासाठीं असा एक कारभारी पदरीं बाळगूं शकते. तेव्हां ती एखाद्या आभासी यंत्रांत बसविली कीं यंत्राच्या पोटांत यंत्र आपोआप तयार होतें.

प्रथम मुळाची गोष्ट पाहूं. संगणकाचें सर्व काम प्रोसेसर नांवाच्या भागांत चालतें. त्याला जें सांगावयाचें तें बारीक बारीक आज्ञांच्या रूपानें सांगावें लागतें : ही संख्या उचल, ती तिच्यांत मिळव, येथें ठेव, तेथें उडी मार. ह्या आज्ञांचे दोन वर्ग आहेत. बेरीज, वजाबाकी, उचल, ठेव ह्या प्रजेच्या आज्ञा. त्या कोणत्याहि आज्ञावलीनें द्याव्यात. पण स्मृतीचे नकाशे बदलणें, बाहेरच्या उपकरणांच्या हांका बंद ठेवणें, सबंध यंत्र थांबविणें, ह्या राज्यकर्त्याच्या आज्ञा होत. त्या देण्याचा अधिकार फक्त विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या मुख्य आज्ञावलीला, म्हणजे कार्यप्रणालीला. सामान्य आज्ञावलीनें तसें धाडस केलें तर प्रोसेसर तिला तेथेंच अडवितो आणि कार्यप्रणालीच्या स्वाधीन करतो.

आतां एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदवावयाच्या असल्या तर? प्रत्येकीला वाटणार कीं राज्य आपलेंच. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. म्हणून दोघींच्याहि वर एक आज्ञावली बसवितात. तिला हायपरवायझर म्हणतात. येथें तिला कारभारी म्हणूं. कारभारी प्रत्येक कार्यप्रणालीला एक आभासी यंत्र उभारून देतो. त्या यंत्रांत राहणारी कार्यप्रणाली म्हणजे त्याचा पाहुणा. पाहुण्याच्या साध्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून कामाचा वेग कमी होत नाहीं. पण पाहुण्यानें राज्यकर्त्याची आज्ञा दिली कीं प्रोसेसर थांबतो आणि कारभाऱ्याला हांक मारतो. कारभारी ती आज्ञा वाचतो, खऱ्या प्रोसेसरनें केलें असतें तेंच सर्व पाहुण्यापुरतें करून दाखवितो आणि पाहुण्याला पुढें जाऊं देतो. ह्यालाच आज्ञेचें अनुकरण म्हणतात. पाहुण्याला वाटतें, प्रोसेसरनेंच आपलें काम केलें.

ही कल्पना दिसते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें आय्. बी. एम्. कंपनीचें एक शास्त्रीय केंद्र होतें. तेथें १९६७ सालच्या आरंभीं सीपी-४० नांवाचा कारभारी कामावर रुजू झाला आणि त्याच्या पाठोपाठ सीपी-६७ आला. पुढें सिस्टिम-३७० या नव्या यंत्रमालेंत आभासी स्मृतीची सोय करावयाचें ठरलें, तेव्हां यंत्र बांधून होण्यापूर्वींच त्याच्यासाठीं आज्ञावली तयार करून ठेवण्याची निकड उत्पन्न झाली. पण यंत्रच नाहीं, मग आज्ञावली चालवून पहावयाची कशावर? केंब्रिजच्या मंडळींनीं सीपी-६७ मध्यें भर घालून असा एक कारभारी बनविला कीं, तो ३६०/६७ या जुन्या यंत्रावर बसून अद्याप न जन्मलेल्या ३७० यंत्राच्या आज्ञांचें अनुकरण करी. दुसरी अडचण अशी होती कीं, केंब्रिजचा संगणक बाहेरचे विद्यार्थीहि वापरीत आणि नव्या आज्ञा तर गुप्त ठेवावयाच्या होत्या. म्हणून हा नवा कारभारी उघड्यावर न ठेवतां नेहमींच्या सीपी-६७ नें उभारलेल्या एका आभासी यंत्राच्या आंत बसविण्यांत आला. त्याच्या आंत नव्या आज्ञा वापरणारा तिसरा कारभारी, आणि त्याच्याहि आंत प्रत्यक्ष काम करणारी एक लहान कार्यप्रणाली. असे हे मजल्यावर मजले चढले.

पुढें न्यूयॉर्क संस्थानांतील एंडिकॉट येथें आभासी स्मृति असलेल्या नव्या यंत्राचा नमुना तयार झाला आणि तो तिसरा कारभारी प्रथमच खऱ्या यंत्रावर चढविण्यांत आला. यंत्र सुरूच होईना. त्या कामांत असलेल्या एका अभियंत्यानें लिहून ठेवलेल्या आठवणीप्रमाणें शोधाअंतीं असें आढळलें कीं, नमुना बांधणाऱ्यांनीं नव्या आज्ञांपैकीं दोन आज्ञांचे संकेतांक एकमेकांच्या जागीं बसविले होते. म्हणजे नक्कल बरोबर होती आणि अस्सल चुकलें होतें! आज्ञावलींतील ते दोन आंकडे तात्पुरते फिरविण्यांत आले आणि गाडें चालूं लागलें. ही चूक सांपडण्याचें कारण उघड आहे. ताडून पहावयास दुसरें उत्तर हातांत होतें. तीच आज्ञावली अनुकरणाच्या यंत्रावर बिनबोभाट चालली होती. तेव्हां फरक कोठें पडतो एवढेंच पहावयाचें राहिलें. अनुकरणाच्या चुका शोधण्याची सगळी विद्या, पुढें ती कितीहि वाढली तरी, ह्याच एका गोष्टीभोंवतीं फिरत राहिली आहे. सिस्टिम-३७० च्या आभासी स्मृतीची आणि व्हीएम्-३७० या कारभाऱ्याची जाहीर घोषणा १९७२ सालच्या ऑगस्टमध्यें झाली.

कारभाऱ्याची ही पद्धत कोणत्या यंत्रावर निर्वेध चालेल याचा नियम जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनीं १९७४ सालीं गणिताच्या भाषेंत मांडला. त्याचें सार सोपें आहे. जी आज्ञा यंत्राची राज्यव्यवस्था बदलते किंवा ती कशी आहे हें उघड करते, ती प्रत्येक आज्ञा पाहुण्यानें देतांच प्रोसेसरनें अडविली पाहिजे. एकहि निसटतां कामा नये. दुर्दैवानें घरोघरीं पसरलेल्या इंटेलच्या घराण्यांतील प्रोसेसरना हा नियम ठाऊक नव्हता. २००० सालीं दोघां संशोधकांनीं पेंटियमच्या आज्ञा एकेक करून तपासल्या, तेव्हां निसटणाऱ्या सतरा आज्ञा सांपडल्या. त्यांपैकीं 'पॉपएफ्' ही एकाच बाइटाची आज्ञा फार प्रसिद्ध आहे. बाहेरच्या हांका बंद किंवा चालू करण्याचें निशाण तिनें बदलतां येतें. राज्यकर्त्यानें ती दिली तर निशाण बदलतें; सामान्य आज्ञावलीनें दिली तर निशाण जसेंच्या तसें राहतें, आणि प्रोसेसर त्याबद्दल चकार शब्द काढीत नाहीं. अडथळा आला असता तर कारभाऱ्याला कळलें तरी असतें. गप्प राहून केलेली अवज्ञा ओळखावी कशी? पुढें इंटेलनें २००५ सालीं आणि एएम्‌डी कंपनीनें २००६ सालीं पाहुण्यासाठीं स्वतंत्र व्यवस्था प्रोसेसरमध्येंच घातली, आणि कारभाऱ्याचें ओझें पुष्कळ हलकें झालें.

हलकें झालें, पण उतरलें नाहीं. पाहुणा एखाद्या उपकरणाच्या पत्त्यावर कांहीं लिहूं पाहतो. तें उपकरण खरें नसतेंच. तें कारभाऱ्यानें मांडलेलें सोंग असतें. प्रोसेसर थांबतो आणि एवढेंच सांगतो कीं, अमुक पत्त्यापाशीं अडलें. कोणती संख्या, किती रुंदीची, कोठून उचलून लिहावयाची होती, हें तो सांगत नाहीं. इंटेलच्या प्रोसेसरवर अशा वेळीं कारभाऱ्याला स्वतः पाहुण्याच्या स्मृतींत डोकावून त्या आज्ञेचे बाइट वाचावे लागतात, त्यांचा अर्थ लावावा लागतो, आणि ती आज्ञा आपल्या हातानें पार पाडावी लागते.

हें वाचन मोठें कष्टाचें असतें. इंटेलच्या भाषेंत एक आज्ञा एका बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत लांब असूं शकते, आणि दोन आज्ञांच्या मध्यें विरामचिन्ह नसतें. जुन्या मोडी पत्राप्रमाणें सगळें सलग. शब्द कोठें तुटतो तें वाचणाऱ्यानें ओळखावयाचें. शिवाय तेंच अक्षर संदर्भाप्रमाणें अर्थ बदलतें. मराठींत 'कर' हा शब्द एकटा लिहिला तर तो हात, सरकारी पट्टी कीं काम करण्याचा हुकूम, हें सांगतां येत नाहीं. मागचें पुढचें वाचावें लागतें. तसाच षोडशमान पद्धतीनें ४८ असा लिहिला जाणारा बाइट पहा. बत्तीस अंकी व्यवस्थेंत तो एक पूर्ण आज्ञा आहे : अमुक रजिस्टरांतून एक वजा कर. चौसष्ट अंकी व्यवस्थेंत तो आज्ञाच नव्हे. पुढें येणारी आज्ञा चौसष्ट अंकी रुंदीनें करावी अशी ती नुसती पूर्वसूचना असते. पाहुणा त्या क्षणीं कोणत्या व्यवस्थेंत होता हें कारभाऱ्यानें चुकीचें धरलें, तर त्यानें वाचलेलें सर्व वाक्यच निराळें होतें.

आणि वाक्य किती लांब होतें हें चुकलें तर अधिकच अनर्थ. आज्ञा पार पाडल्यावर पाहुण्याचें बोट नेमकें तितकेच बाइट पुढें सरकवावें लागतें. पांचाऐवजीं चार सरकविलें, तर प्रोसेसर आज्ञेच्या शेंपटालाच नवी आज्ञा समजून वाचूं लागतो. ती शेंपटी बहुधा कसली तरी वैध आज्ञा निघतेच! मग दोनचारशें आज्ञा बिनतक्रार जातात आणि पाहुणा भलत्याच ठिकाणीं कोसळतो. जेथें प्रेत सांपडलें तेथें खून झालेला नसतो.

आतां वरचा मजला चढवूं. पाहुण्यालाच स्वतः कारभारी व्हावयाचें आहे; त्याला आपल्या आंत आणखी एक पाहुणा ठेवावयाचा आहे. तज्ज्ञ या तिघांना एल-शून्य, एल-एक आणि एल-दोन म्हणतात. येथें थोरला कारभारी, धाकटा कारभारी आणि पाहुणा हीं नांवें पुरेशीं होतील. अडचण अशी कीं, प्रोसेसर एकाच कारभाऱ्याला ओळखतो. पाहुणा कोठेंहि अडला तरी हांक जाते ती थोरल्याकडे. मग थोरल्यानें ठरवावयाचें : हें काम माझें, कीं धाकट्याचें? धाकट्याचें असेल तर तें त्याच्यापुढें अशा रीतीनें मांडावयाचें कीं, जणुं प्रोसेसरनेंच त्याला हांक मारली. स्वतःचें असेल तर मुकाट्यानें निस्तरावयाचें, आणि धाकट्याला त्याचा पत्ताहि लागूं द्यावयाचा नाहीं.

ही गोष्ट इंटेलच्या प्रोसेसरवर कार्यक्षमतेनें करून दाखविण्याचें श्रेय इस्राएलांतील हैफा येथील आय्. बी. एम्. च्या संशोधन केंद्रांतील मंडळींकडे जातें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत त्यांनीं या योजनेला 'टर्टल्स', म्हणजे कासवें, असें नांव दिलें. पृथ्वी कासवावर, तें कासव दुसऱ्या कासवावर, अशी ती कल्पना. त्यांची युक्ति हिशेबाच्या वह्यांची आहे. थोरल्यानें धाकट्याला कसें चालवावें याची एक वही. धाकट्यानें पाहुण्याला कसें चालवावें याची दुसरी वही. ही धाकटा स्वतः लिहितो आणि प्रोसेसर ती वाचतो अशा भ्रमांत असतो. प्रत्यक्षांत थोरला या दोन्ही वह्या पुढ्यांत घेऊन त्यांच्या मिळवणीनें तिसरी वही तयार करतो, आणि पाहुणा चालू असतांना प्रोसेसरपुढें ती तिसरीच वही उघडी असते. पाहुण्याच्या एका अडण्यापायीं धाकटा आपल्या वहीची पानें उलटतो, आणि तें प्रत्येक पान उलटणें म्हणजे पुन्हां थोरल्याला हांक. एका हांकेच्या डझनावारी हांका होतात. तरीहि नित्याच्या कामांत एकमजली व्यवस्थेच्या सहा ते आठ टक्के इतक्याच फरकानें दुमजली व्यवस्था चालूं शकते असें त्यांनीं दाखविलें. वह्यांची मिळवणी करतांना एखादी नोंद राहून गेली, तर उत्पन्न होणारा दोष मात्र कोणत्याच एका वहींत दिसत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

असा दोष शोधावयाचा कसा? केव्हीएम् हा लिनक्सच्या गाभ्यांत २००७ सालीं दाखल झालेला कारभारी. त्याच्यावर आंतलें यंत्र सुरू होतां होतां काळ्या पडद्यावर थांबतें, आणि बाहेर दोनचार ओळींचा संदेश उमटतो कीं, अनुकरण फसलें. त्याखालीं सर्व रजिस्टरांतील आंकडे, आणि सर्वांत शेवटीं बाइटांची एक ओळ. जेथें गाडें अडलें तो बाइट कोनी कंसांत बसविलेला. नवशिका शोधक हा संदेश वाचून ताबडतोब अनुकरणाला दोष देतो. जाणता शोधक आधीं ती बाइटांची ओळ वाचतो. ती नुसत्या शून्यांची असेल तर पाहुणा केव्हांच रान चुकला आहे. खरी चूक मागें कोठें तरी आहे, आणि अनुकरण करणाऱ्याच्या हातीं केवळ भरकटलेला पाहुणा लागला आहे. ओळींत अर्थ असेल तर तो कोणत्या व्यवस्थेंतला अर्थ हें रजिस्टरांवरून ठरवावयाचें. हा पहिला अर्धा तास ज्यानें वांचविला त्यानें पुढें बहुधा आठवडा घालविला.

मग प्रश्न मजल्याचा. तोच पाहुणा मधला कारभारी काढून सरळ थोरल्याच्या हाताखालीं चालवून पहावा. तेथेंहि अडला तर दुमजली व्यवस्थेला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. तेथें चालला तर मधल्या जागीं दुसऱ्या जातीचा कारभारी बसवून पहावा. इंटेलचें यंत्र असेल तर एएम्‌डीच्या यंत्रावर तोच प्रयोग करावा. प्रोसेसरच्या एकेक सोयी बंद करीत जावें. पूर्वीं चालत होतें आणि नव्या आवृत्तींत बंद पडलें असें असेल तर काम बरेंच सुकर होतें. दोन आवृत्त्यांमध्यें हजार बदल झाले असले तरी मधोमध एक आवृत्ति घेऊन पाहिली कीं पांचशें बाद होतात, पुन्हां मधोमध पाहिली कीं अडीचशें उरतात. सुमारें दहा प्रयोगांत अपराधी बदल हातीं येतो. गुणाकाराची ही शक्ति शाळकरी मुलालाहि पटण्यासारखी आहे, तरी दहा प्रयोग करण्याचा धीर थोड्यांनाच असतो.

ह्या सर्वांहून उपयोगी साधन म्हणजे रोजकीर्द. केव्हीएम् मध्यें अशी सोय आहे कीं, पाहुणा केव्हां व कां अडला, कोणती आज्ञा अनुकरणानें पार पाडली, आणि कोणतें अडणें धाकट्याकडे पाठविलें, यांची वेळेसह नोंद ठेवतां येते. थोरल्याची रोजकीर्द आणि धाकट्याची रोजकीर्द शेजारीं शेजारीं मांडून वाचावी. पाहुण्यानें अमुक आज्ञा दिली अशी थोरल्याकडे नोंद आहे. धाकट्यानें ती आपल्याकडे यावी असें सांगून ठेवलें होतें. तरी धाकट्याच्या वहींत त्या वेळेची ओळच नाहीं. म्हणजे थोरल्यानें परस्पर उत्तर देऊन टाकलें. लेखापरीक्षकाला जसा जमेंत नसलेला पैसा बोलका वाटतो, तशी ही न सांपडणारी ओळ शोधकाला बोलकी वाटते. या साधनाचा एक दुर्गुण मात्र सांगितला पाहिजे. नोंदी लिहिण्यांत वेळ जातो, सर्वांची चाल मंदावते, आणि जो दोष दोन घटनांच्या शर्यतींतून उत्पन्न होत होता तो नोंद सुरू होतांच नाहींसा होतो. दिवा लावला कीं झुरळ पळावें, तसा हा प्रकार.

परस्पर उत्तर देण्याचा हा दोष किती गंभीर असूं शकतो, याचें एक उदाहरण २०२० सालच्या फेब्रुवारींत उघडकीस आलें. सुरक्षेच्या दोषांच्या जागतिक नोंदींत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२०-२७३२ असा आहे. इंटेलच्या यंत्रांवरील केव्हीएम् च्या दुमजली व्यवस्थेंत तो होता.

बाहेरच्या उपकरणांशीं बोलण्यासाठीं इंटेलच्या यंत्रांत क्रमांक दिलेलीं द्वारें असतात. पाहुण्यानें कोणतें द्वार स्वतः उघडावें आणि कोणत्यासाठीं आपली परवानगी घ्यावी, याची यादी धाकटा कारभारी करून ठेवतो. पाहुण्याची आज्ञा प्रोसेसर स्वतः चालवीत असतो तोंवर या यादीचा भंग होत नाहीं. पण थोरला जेव्हां पाहुण्याच्या एखाद्या आज्ञेचें अनुकरण स्वतःच्या हातानें करूं लागतो, तेव्हां प्रोसेसरची नजर त्या आज्ञेवर नसते. धाकट्याची यादी उघडून पाहण्याचें काम त्या क्षणीं थोरल्याचें असतें. केव्हीएम् मध्यें या कामासाठीं एक तपासणी लिहिलेली होती, पण ती अपुरी होती. थोड्या आज्ञांबद्दल ती धाकट्याची इच्छा विचारी. बाकीच्या सर्व आज्ञांबद्दल तिचें ठराविक उत्तर असे : चालूं द्या. परिणाम असा कीं, आंतल्या पाहुण्यानें योग्य डाव टाकल्यास थोरल्याच्या हातूनच धाकट्याच्या राखून ठेवलेल्या वस्तूंना हात घालतां आला असता. चोरानें कुलूप फोडावयास नको. घरमालकच किल्ली घेऊन बरोबर येतो.

पण भलती आज्ञा थोरल्याच्या हातीं जाईल कशी, असा प्रश्न येथें येतो. त्याची एक सर्वसाधारण वाट तज्ज्ञांना पूर्वींपासून ठाऊक आहे. आभासी यंत्राला दोन प्रोसेसर दिलेले असतात. पहिल्यावर पाहुणा एक निरुपद्रवी आज्ञा देतो, जिचें अनुकरण करण्यासाठीं थोरल्याला यावेंच लागतें. प्रोसेसर थांबतो. थोरला बाइट वाचावयास स्मृतीकडे वळतो, तेवढ्या क्षणांत दुसऱ्या प्रोसेसरवरील आज्ञावली ते बाइट पुसून त्या जागीं निराळी आज्ञा लिहून ठेवते. प्रोसेसरनें अडविली एक आणि थोरल्यानें वाचली दुसरीच! म्हणून प्रोसेसरनें आधींच पारखून घेतलें असेल या भरंवशावर अनुकरण करणाऱ्यानें कधींहि राहूं नये; जें वाचलें त्याची सर्व पारख पुन्हां स्वतः करावी.

अशाच पारखेच्या अभावीं २०१८ सालींहि केव्हीएम् मध्यें एक दोष सांपडला होता. त्याचा दुमजली व्यवस्थेशीं संबंध नव्हता. कांहीं आज्ञांचें अनुकरण करतांना, ती देणारी आज्ञावली सामान्य आहे कीं राज्यकर्ती, हें पाहिलेंच जात नसे. त्यामुळें पाहुण्याच्या घरांतील एखाद्या किरकोळ आज्ञावलीला त्या घराची सत्ता बळकावण्याची वाट मिळत होती.

२०२० च्या दोषावर केलेला उपाय पाहण्यासारखा आहे. द्वारांची यादी उघडून पाहण्याची राहिलेली तपासणी घालण्यांत आलीच. पण मुख्य बदल दुसराच होता. अपुऱ्या तपासणीचें तें ठराविक उत्तर उलटें करण्यांत आलें. ज्या आज्ञेबद्दल धाकट्याची इच्छा कशी विचारावी हें अजून लिहिलेलें नाहीं, ती आज्ञा आंतल्या पाहुण्यासाठीं अनुकरणानें करूंच नये, साफ नाकारावी. ह्यांत नुकसान नाहीं असें नाहीं. एखादा प्रामाणिक पाहुणा, विरळ वापराची आज्ञा देऊन, विनाकारण अडूं शकतो, आणि त्याच्या मालकाला तो अनुकरण फसल्याचा संदेश वाचीत बसावें लागतें. पण अडलेला पाहुणा दिसतो, त्याची तक्रार येते, ती दुरुस्त करतां येते. परस्पर दिलेलें उत्तर दिसत नाहीं. 'पॉपएफ्' आज्ञेच्या मौनानें ज्यांना पूर्वीं वर्षानुवर्षें छळलें, त्यांना ह्या दोहोंतला फरक समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दोष सांपडला, दुरुस्त झाला, तरी तो पुन्हां शिरूं नये याची व्यवस्था करावी लागते. त्यासाठीं केव्हीएम् च्या मंडळींनीं लहान लहान परीक्षा लिहून ठेवल्या आहेत. प्रत्येक परीक्षा म्हणजे एक चिमुकलें यंत्र. तें सुरू होतें, एखाददुसरी आज्ञा देतें, उत्तर तपासतें आणि बंद होतें. यांत एक अडचण अशी होती कीं, आज्ञा साधी असेल तर ती खरा प्रोसेसरच पार पाडून टाकतो. अनुकरण करणाऱ्याची पाळीच येत नाहीं, मग त्याची परीक्षा घेणार कशी? २०१८ सालीं त्यावर एक गमतीदार तोड निघाली. आज्ञेच्या आधीं पांच बाइटांची एक खूण लिहावयाची. पहिले दोन बाइट म्हणजे कोणत्याहि प्रोसेसरनें मुद्दाम अडावें म्हणून राखून ठेवलेली निरर्थक आज्ञा. उरलेले तीन बाइट म्हणजे के, व्ही, एम् हीं तीन रोमन अक्षरें. प्रोसेसर अडतो, कारभारी येतो, आपल्या नांवाचीं तीन अक्षरें ओळखतो, आणि त्यांच्या पुढची आज्ञा प्रोसेसरला न देतां स्वतः करून दाखवितो. ही सोय एरव्हीं बंद असते; परीक्षेपुरती उघडावी लागते.

मग तीच आज्ञा दोनदां द्यावयाची, एकदां खुणेवांचून आणि एकदां खुणेसह, आणि दोन्ही वेळचीं रजिस्टरें व निशाणें ओळीनें ताडावयाचीं. धाकट्या कारभाऱ्याच्या आंतहि हीच परीक्षा घेतां येते, म्हणजे कोणता मजला खोटें बोलतो तेंहि उमगतें. ताडतांना एकच सवलत द्यावी लागते. कांहीं आज्ञांनंतर कांहीं निशाणें कशीं राहतील हें इंटेलच्या नियमपुस्तकानेंच अनिश्चित ठेवलें आहे. गुणाकारानंतर, उत्तर शून्य आलें कीं नाहीं हें सांगणाऱ्या निशाणावर विसंबतां येत नाहीं. अशा ठिकाणीं दोन उत्तरें जुळलीं नाहींत तरी दोष धरीत नाहींत. तीं निशाणें पुस्तक पाहून वगळावयाचीं, आणि बाकी एकहि अंक निराळा निघाला तर परीक्षा नापास.